सामाईक सांडपाणी वाहिनी : दुरुस्तीचा खर्च आणि शेजाऱ्यांची जबाबदारी

प्रास्ताविक

आपल्याकडील जुन्या पेठांत व गावठाणांत दोन घरांमधून जाणारा अरुंद बोळ हा केवळ ये-जा करण्याचा मार्ग नसतो. त्याच्या फरशीखालून दोन्ही बाजूंच्या मोऱ्यांचे, न्हाणीघरांचे व शौचकूपांचे पाणी एकाच वाहिनीतून रस्त्यापर्यंत जात असते. मुंबईत अशा पट्टीला ‘घरगल्ली’ असे रूढ नाव आहे आणि मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ या कायद्यातही तिची व्याख्या आढळते. वाहिनी वाहती आहे तोवर तिच्या मालकीचा विचार कोणी करीत नाही. ती तुंबली, खचली किंवा तिचे पाणी कोणाच्या पायात मुरू लागले, की मात्र दोन प्रश्न एकाच वेळी उभे राहतात. दुरुस्ती कोणी करावयाची आणि तिचा खर्च कोणी सोसावयाचा?

या प्रश्नांची उत्तरे सामान्यतः शेजारधर्माच्या भरवशावर सोडली जातात. शेजारधर्म ही मोलाची गोष्ट असली, तरी पैशाचा प्रश्न आला की तो पुरा पडत नाही, असा अनुभव आहे. प्रस्तुत लेखात या विषयाची कायदेशीर बाजू आणि खर्चाच्या न्याय्य वाटपाचे तत्त्व यांचा एकत्रित विचार केला आहे. जबाबदारी ही पाण्याच्या मागोमाग जाते, म्हणजे ज्या भागातून ज्याचे पाणी वाहते त्या भागाच्या खर्चात त्याचा वाटा असतो, हे या विवेचनाचे मध्यवर्ती सूत्र आहे.

वाहिनी नेमकी कोणाची?

वादाचा उलगडा करताना प्रथम वाहिनीचे स्वरूप निश्चित करावे लागते. तिचे तीन प्रकार संभवतात. रस्त्याखालची, स्थानिक संस्थेकडे निहित असलेली वाहिनी ही सार्वजनिक होय. तिची निगा राखणे हे नगरपालिकेचे वा महानगरपालिकेचे वैधानिक कर्तव्य आहे. रतलाम नगरपालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये निधीचा अभाव ही या कर्तव्यातून सुटण्याची सबब होऊ शकत नाही, असे निःसंदिग्धपणे ठरविले. तेथील रहिवाशांनी उघड्या गटारांच्या त्रासाविरुद्ध दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागितली होती. सार्वजनिक उपद्रवासंबंधीची ती तरतूद तत्कालीन फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये आहे.

एकाच घराचे पाणी त्याच घराच्या आवारातून सार्वजनिक चेंबरपर्यंत नेणारी वाहिनी ही खासगी होय. तिचा सर्व भार मालकावर असतो. मालकाने हयगय केल्यास त्याला नोटीस देण्याचा, काम करवून घेण्याचा आणि खर्च वसूल करण्याचा अधिकार महानगरपालिकेच्या आयुक्तांना आहे.

तिसरा प्रकार सामाईक वाहिनीचा असून वाद प्रामुख्याने तेथेच उद्भवतात. यातही दोन पोटभेद आहेत. वाहिनी ज्या जमिनीतून जाते ती पट्टी सर्वांच्या सामाईक मालकीची असेल, तर प्रत्येक जण आपापल्या हिश्श्याच्या प्रमाणात सहमालक ठरतो. पट्टी एकाच्या मालकीची आणि पाणी दुसऱ्याचेही, अशी स्थिती असेल, तर प्रश्न सुविधाधिकाराचा होतो. म्हणून खरेदीखत, त्यातील चतुःसीमा, वाटणीपत्र आणि नगर भूमापनाचा नकाशा पाहिल्यावाचून कोणत्याही पक्षाने ठाम विधान करणे योग्य नव्हे.

सुविधाधिकाराची चौकट

दुसऱ्याच्या जमिनीतून आपले पाणी नेण्याचा हक्क हा भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ या कायद्याचा विषय आहे. व्यवहारात आपण यालाच वहिवाटीचा हक्क म्हणतो. मध्य प्रांतात, म्हणजे नागपूर भागात, हा कायदा प्रारंभापासून होता. मुंबई इलाख्याला तो १८९१ मध्ये लागू करण्यात आला. विवेचनाच्या सोयीसाठी ज्या घराला हा हक्क आहे त्यास ‘हक्कदार घर’ आणि ज्याच्या जमिनीतून वाहिनी जाते त्यास ‘भार सोसणारे घर’ असे म्हणू.

कलम १५ नुसार असा हक्क शांततेने, उघडपणे, हक्क म्हणून व अखंडपणे वीस वर्षे उपभोग घेतल्याने प्राप्त होऊ शकतो. मात्र शेजाऱ्याच्या परवानगीने पाणी सोडले असेल, तर कितीही वर्षे लोटली तरी त्या उपभोगातून हक्क निर्माण होत नाही. तरीही परवानगीवर विसंबून एखाद्याने कायम स्वरूपाचे बांधकाम केले असेल व त्यासाठी खर्च केला असेल, तर कलम ६० अन्वये ती परवानगी सहजासहजी मागे घेता येत नाही. ‘वडिलांनी शब्द दिला होता’ या नेहमीच्या युक्तिवादाला दोन्ही अंगांनी किती वजन आहे, हे यावरून लक्षात येईल.

खर्चाच्या दृष्टीने महत्त्वाची कलमे २४ ते २७ ही होत. हक्काच्या उपभोगासाठी आवश्यक ती बांधणी व दुरुस्ती करण्याचा खर्च हक्कदार घराने सोसावयाचा, असे कलम २५ सांगते. वाहिनीसारखे कृत्रिम बांधकाम नादुरुस्त राहिल्याने भार सोसणाऱ्या घराचे नुकसान झाल्यास त्याची भरपाई हक्कदार घराने द्यावयाची, असे कलम २६ सांगते. उलटपक्षी भार सोसणाऱ्या घरावर हक्कदाराच्या फायद्यासाठी स्वतः काही करण्याचे बंधन नाही. उपभोगात अडथळा येईल असे कृत्य मात्र त्याने करू नये, हा कलम २७ चा आशय आहे. वाहिनीवर ओटा बांधणे किंवा चेंबरचे झाकण फरशीखाली गाडणे ही अशा अडथळ्याची परिचित उदाहरणे होत.

शेजाऱ्याच्या आवारात खोदकाम करता येते काय, हा नेहमी विचारला जाणारा प्रश्न आहे. कलम २४ त्यास होकारार्थी उत्तर देते. त्या कलमाच्या उदाहरणांतच शेजारच्या जमिनीतील नळ दुरुस्त करण्यासाठी प्रवेश करून खोदण्याची मुभा सांगितली असून, जमीन पूर्ववत करून देण्याची अटही घातली आहे. काम अशा वेळी व अशा रीतीने करावे, की शेजाऱ्यास कमीत कमी तोशीस पडेल. मात्र शेजाऱ्याने वाहिनी बुजविली असेल, तर तो बेकायदा अडथळा स्वतःच्या हाताने दूर करण्यास कलम ३६ मनाई करते. तेथे न्यायालयातून मनाईहुकूम वा नुकसानभरपाई मिळविणे हाच मार्ग उरतो. कुदळ घेऊन दुरुस्तीस जाणे आणि कुदळ घेऊन अडथळा फोडण्यास जाणे यांत कायद्याच्या दृष्टीने मोठा फरक आहे.

आणखी एक मुद्दा आजच्या पुनर्विकासाच्या काळात विशेष महत्त्वाचा ठरतो. जुन्या वाड्याच्या जागी बहुमजली इमारत उभी राहिली, तर पूर्वीच्या दोन मोऱ्यांच्या हक्कावर वीस शौचकूपांचा भार टाकता येईल काय? कलम २९ नुसार हक्कदाराला आपल्या मिळकतीत फेरबदल करून किंवा भर घालून सुविधाधिकार लक्षणीय प्रमाणात वाढविता येत नाही. म्हणून जुन्या वाहिनीवर नवा भार टाकण्यापूर्वी शेजाऱ्याची संमती व वाढीव क्षमतेचा खर्च या दोन्हींचा विचार विकासकाने करणे आवश्यक ठरते.

वाटणी झालेली घरे

महाराष्ट्रातील अनेक सामाईक वाहिन्यांचे मूळ भाऊवाटणीत आहे. एका वाड्याचे तीन भाग झाले, भिंती उभ्या राहिल्या, पण जमिनीखालची वाहिनी एकच राहिली. वाटणीपत्रात खोल्या, माजघर, परसू, विहीर यांचा तपशीलवार उल्लेख असतो. गटाराचा उल्लेख मात्र बहुधा नसतो. अशा वेळी कलम १३ उपयोगी पडते. वाटणीच्या वेळी जी सोय उघड व अखंड स्वरूपाची होती आणि जी त्या हिश्श्याच्या पूर्ववत उपभोगासाठी आवश्यक होती, ती विरुद्ध हेतू व्यक्त झालेला नसल्यास हिस्सेदाराकडे कायम राहते. जमिनीखालची वाहिनी ‘उघड’ कशी म्हणावयाची, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. त्याचे समाधान कलम ५ च्या उदाहरणात आहे. जाणकार माणसाने काळजीपूर्वक पाहणी केल्यास जिचे अस्तित्व लक्षात येईल, ती वाहिनी कायद्याने उघडच समजली जाते.

एकाने खर्च केला, तर?

प्रत्यक्षात बहुधा असे घडते, की ज्याच्या अंगणात पाणी तुंबते तो कंटाळून दुरुस्ती करून घेतो आणि नंतर इतरांकडे वाटा मागतो. इतर जण ‘आम्ही सांगितले नव्हते’ असे म्हणतात. या प्रसंगी भारतीय संविदा अधिनियम, १८७२ याची दोन कलमे लक्षात घ्यावीत. जे देणे देण्यास दुसरा कायद्याने बांधलेला आहे, ते हितसंबंधी व्यक्तीने दिल्यास कलम ६९ अन्वये तिला प्रतिपूर्ती मिळू शकते. महानगरपालिकेने सर्वांना बजावलेल्या नोटिसीची पूर्तता एकानेच केली असेल, तर हे कलम लागू पडण्याचा संभव असतो. कलम ७० चा विस्तार अधिक व्यापक आहे. एखाद्याने दुसऱ्यासाठी विधिसंमतपणे व फुकट करण्याचा हेतू न ठेवता काही केले आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर लाभ घेणाऱ्यावर मोबदल्याचे दायित्व येते.

मात्र हा लाभ स्वीकारण्याची वा नाकारण्याची संधी दुसऱ्यास मिळालेली असावी, अशी अपेक्षा असते. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी सर्वांना लेखी कळविणे, किमान दोन अंदाजपत्रके दाखविणे आणि मोडक्या भागाची छायाचित्रे घेऊन ठेवणे या साध्या गोष्टी नंतर निर्णायक ठरतात. केवळ तोंडी सांगून काम उरकणारा मनुष्य नैतिकदृष्ट्या बरोबर असूनही पुराव्याअभावी हरू शकतो.

वाटपाचे तत्त्व : एक उदाहरण

कायदा दायित्व कोणाचे ते सांगतो, परंतु चार घरांत नेमका किती वाटा कोणाचा, याचे कोष्टक देत नाही. त्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका बोळात अ, ब, क, ड अशी चार घरे आहेत. अ सर्वांत आत व ड रस्त्याकडेला आहे. पाणी अ कडून ड कडे आणि तेथून रस्त्यावरील चेंबरमध्ये जाते. संपूर्ण वाहिनी बदलावयाची असून तिच्या चार टप्प्यांचा खर्च असा आहे : अ ते ब ६,००० रुपये, ब ते क ८,००० रुपये, क ते ड १२,००० रुपये आणि ड ते चेंबर १६,००० रुपये. एकूण खर्च ४२,००० रुपये.

सर्वांत सोपी पद्धत समान वाटपाची. तीनुसार प्रत्येकास १०,५०० रुपये येतात. परंतु ड चे पाणी पहिल्या तीन टप्प्यांतून जातच नाही. मग त्याने त्यांचा खर्च का द्यावा? दुसरी पद्धत ‘ज्याच्या दारात बिघाड, त्याचा खर्च’ ही आहे. ती तर अधिकच अन्यायकारक होय, कारण शेवटचा टप्पा फुटल्यास १६,००० रुपयांचा सगळा बोजा ड वर पडेल. वास्तविक तो इतर तीन घरांचे पाणी आपल्या दारावरून जाऊ देत असतो.

तिसरी पद्धत टप्पानिहाय वाटपाची. प्रत्येक टप्प्याचा खर्च, त्या टप्प्यातून ज्यांचे पाणी जाते त्यांनीच वाटून घ्यावयाचा. पहिला टप्पा एकट्या अ चा, दुसरा अ आणि ब यांचा, तिसरा तिघांचा आणि चौथा चौघांचा. त्यानुसार अ कडे १८,०००, ब कडे १२,०००, क कडे ८,००० आणि ड कडे ४,००० रुपये येतात. बेरीज ४२,००० च होते. ही विभागणी केवळ व्यवहारी नाही, तर अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही साधार आहे. लॉइड शॅप्ली यांनी १९५३ मध्ये सहकारी खेळांच्या सिद्धान्तात मांडलेल्या वाटपमूल्याचा उपयोग लिटलचाइल्ड आणि ओवेन यांनी १९७३ मध्ये विमानतळाच्या धावपट्टीच्या खर्चासाठी केला. लहान विमानास धावपट्टीचा थोडा भाग लागतो व मोठ्यास पूर्ण लागतो. प्रत्येक भागाचा खर्च तो भाग वापरणाऱ्यांतच समान वाटला जावा, हा त्यांच्या उत्तराचा इत्यर्थ होय. आपल्या बोळातील वाहिनीची रचना तंतोतंत तशीच आहे.

या पद्धतीत एक दुरुस्ती करावी लागते. ड ने आपल्या घरात पाच बिऱ्हाडे ठेवली असतील आणि इतर घरांत प्रत्येकी एकच कुटुंब असेल, तर शेवटच्या टप्प्यावर ड चा भार पाचपट आहे. मग त्या टप्प्याचे १६,००० रुपये आठ समान भागांत विभागावे. प्रत्येक भाग २,००० रुपयांचा होईल व ड कडे १०,००० रुपये येतील. अ चा एकूण वाटा १६,०००, ब चा १०,००० आणि क चा ६,००० होईल. बिऱ्हाडांऐवजी शौचकूपांची संख्याही एकक म्हणून घेता येते. एकक कोणते, हे महत्त्वाचे नाही. ते आधी ठरलेले असावे, हे महत्त्वाचे.

हे सारे नैसर्गिक झीज व जीर्णता यांच्याबाबत झाले. एखाद्याने बांधकामाचा राडारोडा वाहिनीत लोटला किंवा गच्चीवरील पावसाच्या पाण्याची पन्हळ मैल्याच्या वाहिनीस जोडली व त्यामुळे ती तुंबली, तर वाटपाचा प्रश्नच उरत नाही. दोष ज्याचा, खर्चही त्याचाच.

गृहनिर्माण संस्था

सहकारी गृहनिर्माण संस्थांमध्ये हा प्रश्न बव्हंशी आधीच सोडविलेला आहे. आदर्श उपविधींनुसार इमारतीबाहेरील जलवाहिन्या, सांडपाणी वाहिन्या, मलटाक्या इत्यादींची दुरुस्ती संस्थेने स्वखर्चाने करावयाची असते, तर संस्थेच्या जबाबदाऱ्यांच्या यादीत नसलेली सदनिकेतील दुरुस्ती सभासदाने करावयाची असते. दुरुस्ती निधीसाठी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी किमान ०.२५ टक्के वर्गणीची तरतूद आहे. महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० याखालील इमारतींत सामाईक खर्च घोषणापत्रातील अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीने वाटला जातो. तळमजल्यावरील सभासद व वरच्या मजल्यावरील सभासद यांच्यातील वाद यामुळे संपूर्णपणे मिटतात असे नाही, परंतु निधी आधीच जमा असल्याने काम खोळंबत नाही. बोळातील चार घरांना उणीव भासते ती नेमकी याच व्यवस्थेची.

खोळंब्याची खरी किंमत

खर्चावरून चाललेला वाद हा काही हजार रुपयांपुरता मर्यादित राहिला असता, तर त्याचा एवढा ऊहापोह करण्याचे कारण नव्हते. परंतु दुरुस्ती लांबली की वाहिनी पुनःपुन्हा तुंबते आणि प्रत्येक वेळी सर्वांत स्वस्त उपाय शोधला जातो. तो उपाय म्हणजे एखाद्या गरीब माणसास बोलावून चेंबरमध्ये उतरविणे. बंदिस्त चेंबरमध्ये व मलटाकीत हायड्रोजन सल्फाइडसारखे विषारी वायू साठतात, प्राणवायू कमी असतो, आणि आत उतरलेला मनुष्य काही क्षणांत बेशुद्ध पडू शकतो.

हाताने मैला सफाईस प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या अधिनियमाने संरक्षक साधनांवाचून गटार वा मलटाकी साफ करवून घेण्यास मनाई केली आहे. ही मनाई स्थानिक संस्था व ठेकेदार यांच्याबरोबरच कोणत्याही व्यक्तीस, म्हणजे घरमालकासही, लागू आहे. पहिल्या अपराधास दोन वर्षांपर्यंत कारावास, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा सांगितली आहे. गटारात मृत्यू पावलेल्या कामगाराच्या कुटुंबास द्यावयाची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख रुपये ठरविली होती. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ती ३० लाख रुपये करण्यात आली. चार शेजारी मिळून यंत्राने सफाई करवून घेण्याचा खर्च सहज पेलू शकतात. एकट्यावर तो पडला की माणूस उतरविण्याचा मोह होतो. खर्चाचे न्याय्य वाटप हा म्हणूनच त्या अनोळखी माणसाच्या जीविताचाही प्रश्न आहे.

एक तौलनिक उल्लेख

इंग्लंड व वेल्समध्येही अनेक घरांच्या सामाईक वाहिन्या दीर्घ काळ मालकांच्या परस्पर जबाबदारीवर सोडलेल्या होत्या. आपल्या घराबाहेरील वाहिनीस आपण जबाबदार आहोत, हे कित्येक मालकांना ती नादुरुस्त होईपर्यंत ठाऊकच नसे. अखेर १ ऑक्टोबर २०११ पासून सार्वजनिक जाळ्यास जोडलेल्या बहुतेक खासगी सामाईक वाहिन्या तेथील जलकंपन्यांकडे वर्ग करण्यात आल्या व त्यांचा खर्च सर्व ग्राहकांच्या देयकांतून भागविला जाऊ लागला. आपल्याकडील महानगरपालिका कायद्यांतही अनेक मिळकतींची जलनिःसारण व्यवस्था एकत्रितपणे करण्याचा व तिचा खर्च मालकांत वाटून देण्याचा अधिकार आयुक्तांना दिलेला आहे. जुन्या वस्त्यांत या तरतुदीचा वापर अधिक जाणीवपूर्वक व्हावयास हवा.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल, की शेजाऱ्यांनी वाहिनी सुस्थितीत असतानाच एक छोटा लेखी करार करावा. त्यात वाहिनीचा साधा नकाशा, टप्पे, प्रत्येक घराची एकके, वार्षिक वर्गणी, आवारात प्रवेशाची संमती आणि सफाई यंत्रानेच करण्याची अट एवढ्या बाबी असाव्यात. वाहिनीचा हक्कच नव्याने निर्माण केला जात असेल आणि त्याचे मूल्य शंभर रुपये वा अधिक असेल, तर दस्त नोंदणीकृत असणे आवश्यक आहे. खर्चाविषयीचा साधा करार घर विकत घेणाऱ्यावर आपोआप बंधनकारक होत नाही. म्हणून घर विकताना खरेदीखतात त्याचा उल्लेख करावा.

असा कागद करणे म्हणजे शेजाऱ्यावर अविश्वास दाखविणे, अशी समजूत आपल्याकडे प्रचलित आहे. वस्तुतः ज्या बोळात हिशेब आधी ठरलेला असतो, तेथे पावसाळ्यात चेंबर भरून वाहू लागला तरी एकमेकांच्या दारात जाण्यास संकोच वाटत नाही. प्रत्येकाचे पाणी शेवटी दुसऱ्याच्या दारावरूनच जाते, एवढी जाणीव ठेवून केलेला करार शेजारधर्माला बाध आणीत नाही, तर आधार देतो.